नमुन्यांचे ग्रंथ : सानगडीच्या मागापासून यंत्राच्या बुद्धीपर्यंत

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात सानगडी हे गाव आहे. जुना किल्ला, तळे, धानाची शेती आणि कोष्ट्यांची वस्ती, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल. किल्ल्याविषयी लिहिणारे पुष्कळ भेटतात, मागाविषयी लिहिणारे थोडे. कृत्रिम बुद्धिमत्तेने माणसाच्या कामाचे आणि विचाराचे काय होणार, या प्रश्नाची चर्चा सध्या जिकडेतिकडे चालू आहे आणि तिची उदाहरणे बहुधा कॅलिफोर्नियातून येतात. आम्ही ती सानगडीतून घेऊ इच्छितो. यात प्रादेशिक अभिमानाचा भाग नाहीच, असे म्हणणे खोटे ठरेल. पण खरे कारण निराळे आहे. यंत्र आले म्हणजे माणसाच्या कामातले नेमके काय जाते, काय उरते आणि उरलेल्याचे स्वरूप कसे बदलते, हे पूर्व विदर्भाने दीडशे वर्षांपूर्वी एकदा पाहिले आहे. त्या पाहण्याची नोंद मात्र आपल्या साहित्यात फारशी झाली नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करावा लागेल. ‘गिरण्या आल्या आणि हातमाग बुडाला’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो. ते पुरते खोटे नाही, परंतु त्यात घाई आहे. कापड विणणे हे एक काम नव्हे, ती कामांची साखळी असते. कापूस पिंजायचा, सूत कातायचे, कांड्या भरायच्या, ताणा लावायचा, त्याला खळ द्यायची, फणीतून एकेक धागा ओवायचा आणि मग कुठे मागावर बसून धोटा फेकायचा. यांपैकी धोटा फेकणारा पुरुष आपल्याला दिसतो. त्याला ‘विणकर’ हे नाव आहे, जात आहे, पंचायत आहे. साखळीच्या आरंभी असलेली सूतकताई मात्र पुष्कळशी बायकांच्या हातची. ती कोष्ट्यांच्याच घरी चाले असेही नाही. अनेक जातींच्या बायका घरकामातून उरलेल्या वेळात चरख्यावर बसत. यंत्राने पहिला घास घेतला तो या कताईचा. इंग्लंडमधून आणि पुढे देशी गिरण्यांतून आलेले सूत स्वस्त आणि एकसारखे होते. ते विणकरालाही हवेसेच वाटले. विणकर टिकला आणि सूत कातणारी बाई नाहीशी झाली. तिच्या व्यवसायाला नाव नव्हते, म्हणून तिच्या बेकारीलाही नाव मिळाले नाही.

मध्यप्रांताच्या हातमाग विणकरांवर पीटर हार्नेटी या इतिहासकाराचा १९९१ साली प्रसिद्ध झालेला एक लेख आहे. विणकरांचा ऱ्हास आपण समजतो तसा सरळ आणि सर्वंकष नव्हता, असे त्याचे साधारण प्रतिपादन. हातकताई गेली, पण गिरणीच्या सुतावर हातमाग पुढेही दीर्घकाळ चालत राहिला, विशेषतः रेशीमकाठी धोतरे, लुगडी, उपरणी अशा मालाच्या बळावर. भंडारा, पवनी, मोहाडी, आंधळगाव ही नावे त्या मालाशी जोडलेली आहेत. हे वाचून आनंद मानावा, तर लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. पूर्वी सूत गावात होते, आता ते व्यापाऱ्याच्या दुकानात गेले. सूत उधार घ्यायचे, कापड त्यालाच द्यायचे आणि हिशेब त्याच्या वहीत. माग घरातच राहिला, हातही तेच राहिले, कसबही गेले नाही. पण कामाचा आरंभ आणि शेवट दोन्ही विणकराच्या हातून निसटले. आज भाषांतरकार, मुद्रितशोधक, जाहिरातींचा मजकूर लिहिणारे लोक ज्या स्थितीकडे सरकत आहेत ती आम्हांला हुबेहूब अशी दिसते. पहिला खर्डा यंत्राकडून येतो, माणसाने तो ‘नीट करून’ द्यायचा आणि त्या नीट करण्याचा दर खर्ड्याच्या मालकाने ठरवायचा. काम गेले नाही, असे आकडेवारी सांगेल, आणि आकडेवारी खोटी बोलत नसेल.

हे सारे आपोआप घडत नसते. नागपूर संस्थान १८५४ साली खालसा झाले आणि उंची वस्त्रांचे मोठे गिऱ्हाईक असलेला दरबार संपला. १८६७ मध्ये मुंबईकडून आगगाडी नागपुरास पोचली. त्या सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त असलेले रिव्हेट-कार्नाक यांनी आपल्या अहवालात जे लिहिले त्याचा आशय असा : या मुलखात लोहमार्गाची शाखा आली तर विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, मग इथे सुतासाठी खर्ची पडणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसे शेतमजुरीला उपलब्ध होतील. अशी भाषा आम्हांला अलीकडे पुन्हा ऐकू येते. यंत्रामुळे माणसे ‘मोकळी’ होतील, अधिक मोलाच्या कामाला लागतील, असे सांगितले जाते. कोणत्या कामाला, हे रिव्हेट-कार्नाकने निदान स्पष्ट लिहिले होते.

१८७७ च्या १ जानेवारीला, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पाठोपाठ १८८० ते १८८२ च्या दरम्यान नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग भंडारा भागातून पुढे राजनांदगावपर्यंत गेला. गिरणीचे सूत आणि गिरणीचे कापड आता मुंबई-मँचेस्टरहून यायची गरज उरली नाही. ते शेजारून येऊ लागले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत विणकरांचे काय करायचे, हा प्रश्न सरकारपुढे आला. दुष्काळी कामे म्हणजे मुख्यतः खडी फोडणे. खडी फोडलेल्या हाताला पुढे बारीक सुताचा स्पर्श कळत नाही. तेव्हा विणकराला शक्यतो त्याच्याच धंद्यात मदत द्यावी, असा विचार त्या काळच्या दुष्काळविषयक चर्चेत पुढे आला. एका रूक्ष प्रशासकीय चर्चेत ‘हाताला कळणे’ या गोष्टीला मान्यता मिळाली, हे आम्हांला विलक्षण वाटते. ज्ञान बोटांत असते आणि ते दुसऱ्या कामाने पुसले जाते, हे त्या चर्चेने गृहीत धरले होते. आज विद्यार्थ्याच्या बोटांतले काय पुसले जाते आहे, याचा विचार करणारी अशी समिती कुठे बसली आहे काय?

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्या गोष्टीकडे येतो.

१८६६ साली लंडनमध्ये जॉन फोर्ब्स वॉटसन या इंडिया ऑफिसच्या अधिकाऱ्याने एक अजब ग्रंथमालिका सिद्ध केली. तिचे अठरा खंड होते आणि त्यांत शब्दांऐवजी कापड होते. हिंदुस्थानभरच्या वस्त्रांचे कापून चिकटवलेले ७०० नमुने. प्रत्येकाखाली ठिकाण, लांबी, रुंदी, वजन आणि किंमत. अशा वीस प्रती तयार झाल्या. तेरा ब्रिटनमधील गिरण्यांच्या गावी गेल्या, सात हिंदुस्थानात आल्या. उद्देश लपवलेला नव्हता. हिंदुस्थानातील माणसे काय नेसतात, काठ किती बोटांचा ठेवतात, पदरावर काय मागतात, हे मँचेस्टरच्या कारखानदाराला घरबसल्या कळावे आणि त्याने तसा माल काढावा. पागोट्यांचे नमुने, धोतरांचे नमुने, लुगड्यांचे नमुने, सारे पद्धतशीर वर्गवारी करून लावलेले. वॉटसन हा विद्वान आणि मेहनती माणूस होता. देशी विणकराच्या कौशल्याविषयी त्याने आदरानेच लिहिले आहे. ग्रंथात नाही ते एवढेच : विणकराचे नाव. ते नोंदवावे असे कुणाला वाटले नाही, आणि नमुना घेऊ का, असे कुणी विचारलेही नाही.

या अठरा खंडांना आम्ही आजच्या महाभाषिक यंत्रांचा पूर्वज म्हणतो. उपमा थोडी ताणलेली आहे हे मान्य करू. कापडाचा तुकडा पाहून गिरणीने तसे कापड काढणे आणि कोट्यवधी वाक्ये वाचून यंत्राने तशी वाक्ये काढणे, यांत तांत्रिक अंतर फार आहे. वॉटसनचे पुस्तक स्वतः काही विणत नव्हते. यंत्र वाचता वाचता विणूही लागते. परंतु व्यवहाराचा सांगाडा तोच आहे. ज्यांचे काम त्यांच्याकडून ते नमुना म्हणून उचलले जाते, त्यावरून स्वस्त आणि एकसारखा माल तयार होतो आणि तो माल त्यांच्याच बाजारात त्यांच्यासमोर येतो. चोरी हा शब्द येथे पुरत नाही, कारण विणकराचे लुगडे कुणी पळवले नव्हते, रीतसर पैसे देऊन घेतले होते. किंमत लुगड्याची दिली गेली. नमुन्याची किंमत असते, हे त्या व्यवहारात कुणाच्या ध्यानात आले नाही. २०२३ साली अमेरिकेतील पटकथालेखकांनी जो १४८ दिवसांचा संप केला त्यात यंत्राचा प्रश्न मागण्यांमध्ये होता. नमुन्याची किंमत मागण्याइतकी संघटना त्यांच्यापाशी होती. सानगडीच्या कोष्ट्यापाशी जातपंचायत होती, ती मँचेस्टरपर्यंत पोचत नव्हती.

नमुन्यांचा दुसरा ग्रंथ आपल्या अधिक जवळचा आहे, कारण तो भाषेचा आहे. जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. त्याच्या सिद्धतेत स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताचा मोठा वाटा होता. उधळ्या पुत्राची बायबलमधील गोष्ट प्रत्येक बोलीत उतरवून घ्यायची, सोबत ठरावीक शब्दांची यादी भरून घ्यायची, अशी पद्धत होती. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मराठीखाली ज्या बोली नोंदल्या गेल्या त्यांत ‘कोष्टी’ हेही एक नाव आहे. चाळीस वर्षांपूर्वी विणकरांच्या कापडाचे तुकडे घेतले गेले. आता विणकरांच्या बोलण्याचा तुकडा घेतला गेला. सर्वेक्षणाविषयी आम्हांला कृतज्ञताच आहे. ते झाले नसते तर आपल्या बोलींचा अभ्यास कुठून सुरू करावा हेही उमगले नसते. तरीही ती गोष्ट सांगणारा तो कोष्टी कोण होता, त्याला हा उधळा पुत्र कसा वाटला, घरी जाऊन त्याने बायकोला काय सांगितले, हे कळायचा मार्ग नाही. नमुना उरला, माणूस गळला.

पुढच्या काळात या भागाच्या बोलीला आतून आवाज मिळाला. डॉ. हरिश्चंद्र बोरकर आणि त्यांच्यासोबतच्या लेखकांनी ‘झाडीबोली’ हे नाव साहित्यात रुजवले, शब्द गोळा केले, दंडारीसारख्या लोकनाट्याचा अभ्यास केला, संमेलने भरवली. हा संग्रह आणि ग्रिअर्सनचा संग्रह यांत फरक आहे तो देणाराच घेणारा असण्याचा.

आता तिसरा ग्रंथ लिहिला जात आहे आणि त्याला पुठ्ठा नाही. आंतरजालावरचे मराठी लेखन यंत्रांनी वाचले, त्यात आमचेही असेल, या पानावरचेही असेल. पण आंतरजालावर मराठी थोडी आणि त्यातही प्रमाण मराठीच अधिक. तेव्हा नमुन्यांसाठी माणसांकडे जावे लागते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ग्रामीण आणि शहरी कमी उत्पन्नाच्या माणसांकडून तसेच विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडून मोबाइलवर मराठी वाक्ये मोठ्याने वाचवून घेण्यात आली. ३६ जणांनी मिळून १०९ तासांचे ध्वनिमुद्रण दिले आणि त्याचा मोबदला त्यांना मिळाला. गरीब माणसांचे वाचन या कामी विद्यार्थ्यांइतकेच उपयोगी ठरते, असा त्याचा निष्कर्ष होता. मोबदला मिळाला, ही वॉटसनच्या काळाच्या मानाने प्रगती आहे. आम्ही ती नाकारीत नाही. परंतु त्यांना वाचायला दिलेली वाक्ये त्यांची नव्हती. आवाज त्यांचा घेतला, वाक्य दुसऱ्याचे.

येथे कुणी म्हणेल, हे सारे हातमागाचे गहिवर झाले. तसे नाही. गिरणीने जे मोडले त्यात मोडावे असेही काही होते. जाडेभरडे कापड विणणाऱ्या महार समाजाला पूर्व विदर्भात मागाचा आधार होता, पण त्या मागाने त्याची गावकुसाबाहेरची जागा बदलली नाही. नागपूरच्या गिरण्यांत त्यांना रोख पगार मिळाला, शहर मिळाले, शाळा आणि सभा मिळाल्या. पुढच्या आंबेडकरी चळवळीची एक भूमी त्या गिरणी-वस्त्यांत तयार झाली. अर्थात गिरणीनेही जात दाराबाहेर ठेवली नव्हती. कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागतो, या कारणावरून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात मज्जाव होता आणि १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला. विणकाम खात्याचा पगार जास्त, हे येथे लक्षात घ्यावे. यंत्र नवे असते. त्याच्यासमोर कोण बसणार, हे जुन्याच हिशेबाने ठरते. भंडाऱ्यातील ज्या विद्यार्थ्याला इंग्रजी निबंधाच्या भीतीने पदव्युत्तर अर्जच करवत नव्हता, त्याला आज यंत्र अर्ज लिहून देते. त्याला ‘स्वतः लिही’ असे सांगण्याचा नैतिक अधिकार आम्हां प्राध्यापकांना कितपत आहे, याविषयी आमच्यात एकमत नाही.

आणि एम्प्रेस मिल तरी कुठे टिकली? ती आजारी पडली, शासनाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. ज्या यंत्राने कोष्ट्याला हटवले असे म्हणतात त्या यंत्राचे भंगार झाले, आणि आंधळगावात टसर विणणारे माग त्यानंतरही चालू राहिले.

विचाराचे काय होते, हा प्रश्न मात्र कामाच्या प्रश्नाइतका सरळ नाही. मागाचा आणि विचारयंत्राचा संबंध केवळ उपमेचा नव्हे, हे वाचकांना ठाऊक असेल. जोसेफ जाकार याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ल्योनमध्ये छिद्रांकित पत्त्यांवर चालणारा माग सिद्ध केला. नक्षी आता विणकराच्या स्मरणात राहिली नाही, ती पत्त्यांच्या माळेत गेली. या जाकारचे रेशमात विणलेले एक चित्र १८३९ साली तयार झाले. त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले होते. चार्ल्स बॅबेजने ते आपल्याकडे ठेवले होते, आणि त्याच्या गणनयंत्राविषयी एडा लव्हलेसने १८४३ मध्ये जी टिपणे लिहिली त्यांत या मागाची तुलना येते. म्हणजे संगणकाची कल्पना जन्मली ती विणकराचे स्मरण त्याच्यापासून वेगळे काढता येते, या शोधातून.

वेगळे काढलेल्या स्मरणाने काय साधते आणि काय साधत नाही, हे पाहायचे तर आपल्याकडची करवतकाठी हाती घ्यावी. टसरचे अंग आणि दोन्ही बाजूंना करवतीच्या दात्यांसारखा काठ. तिच्यात तीन धोटे चालतात : एक अंगाचा, दोन काठांचे. अंगाचा बाणा काठाशी येऊन काठाच्या बाण्यात अडकतो आणि तेथून परत फिरतो. म्हणून काठाचा रंग ठसठशीत, भेसळ नसलेला. एकाच धोट्याने विणलेल्या कापडात अंगाचा बाणा काठातूनही आरपार जातो, आणि काठाचा रंग अंगाच्या रंगाने मंदावतो. दुरून दोन्ही सारखी दिसतात. जाणकार बाई पदर उलटा करून पाहते.

अलीकडे निबंध तपासताना आम्हांला या काठाची आठवण होते. वाक्यरचना निर्दोष, परिच्छेद मापात, मुद्दे क्रमवार. पण केशवसुतांवरचा निबंध आणि मर्ढेकरांवरचा निबंध यांतून एकच बाणा आरपार गेलेला. कुठे तो अडकून परत फिरलेला नाही, कुठे विद्यार्थ्याला न समजल्याची गाठ नाही. पूर्वी आम्ही त्या गाठींवर लाल रेघा मारीत असू. आता त्या कुठे दिसल्या की आम्हांला बरे वाटते, ही आमच्या अध्यापनाची शोकान्तिका की सुरुवात, ते ठरवता येत नाही. ज्याने गाठ मारली तो निदान धाग्याशी झगडत होता. आणि खरे सांगायचे तर झगडा नसलेले निबंध आम्ही मार्गदर्शक पुस्तकांच्या काळातही तपासले आहेत, त्यांना गुणही दिले आहेत. सगळे खापर यंत्रावर फोडणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नाही.

हा लेख लिहिण्याआधी आम्ही सानगडीला जाऊन आलो. एका घराच्या ओसरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. माग आता घरात नव्हता. त्याच्या खड्ड्याची जागा मात्र त्यांनी दाखवली. बोलताना त्यांनी काम सोडण्याचे कारण सांगितले. झाडीबोलीत ळ नाही, डोळ्याला डोरा म्हणतात. आम्ही त्यांच्या परवानगीने मोबाइल समोर धरला होता, बोललेले लगेच अक्षरांत उतरवणारी सोय चालू होती. “डोरा गेला, मंग माग कायचा,” ते म्हणाले. पडद्यावर उमटले : ‘दोरा गेला, मग माग कशाचा.’

आम्ही त्यांना ते वाचून दाखवले. ते थोडे थांबले. “हेबी खरंच हाये,” म्हणाले, आणि मग फोनकडे बोट करून विचारले, “पर ह्याले कोनं सांगतलं?”